ना बाबोय!

बी.कॉम.ला स्वयंपाक हा विषय नव्हता. ऑडिटिंग होता, मर्कंटाइल लॉ होता, कॉस्ट अकाउंटिंग तर मला दोनदा होता, कारण पहिल्या खेपेला त्यानं मला ओळख दिली नाही. पण एक किलो मांस, दोन मुळे, तीन टोमॅटो आणि एक नऊ वर्षांची पुतणी एवढ्या भांडवलावर संध्याकाळपर्यंत ताळेबंद कसा जुळवावा, हा प्रश्न तीन वर्षांत एकाही पेपरात आला नाही. आला असता तर मी तो ऑप्शनला टाकला असता, ही गोष्ट वेगळी.

पाककलेत माझी मजल चहापर्यंत. तोसुद्धा सौ. माहेरी गेलेली असेल तर. आणि मांसाहार म्हणाल, तर आमच्या घरात अंडंसुद्धा दारावरच्या विक्रेत्यासारखं उंबऱ्यावरूनच परत जातं. अशा या माणसानं भर चातुर्मासात, त्यातही संकष्टीच्या दिवशी, समुद्रापलीकडे जाऊन डुकराच्या मांसाचं आंबट सार रांधलं, ही हकीकत आमच्या शाखेत कोणालाही खरी वाटत नाही. कॅशियर तर म्हणाला, "व्हाउचर दाखव." व्हाउचर नाही. म्हणून हा लेख.

माझा धाकटा भाऊ फिलिपाइन्समध्ये असतो. मनिलाला लागून केझॉन सिटी म्हणून शहर आहे, तिथं. कॉम्प्युटरच्या कुठल्याशा कंपनीत तो रात्रपाळी करतो; म्हणजे अमेरिकेत दिवस असतो तेव्हा हा जागा असतो. तिथल्याच एका परिचारिकेशी त्यानं २०१४ साली लग्न केलं. मला पत्रिका आली होती. मी बँकेतून उलट टपाली कळवलं, की रजा मंजूर होत नाही, क्षमस्व, उभयतांस अनेक आशीर्वाद.

त्या दिवशी माझ्या खात्यावर १८७ दिवसांची पी.एल. शिल्लक होती.

साहेबांना दोष देण्यात अर्थ नाही. साहेब बिचारे देवमाणूस. अर्ज केला असता तर त्यांनी सही करून वर पेढे मागितले असते. मी अर्जच केला नाही. का, तर 'आईला काय वाटेल' म्हणून. आईला काय वाटतं हे मी आईला विचारलं का? नाही. मध्यमवर्गात काही गोष्टी विचारायच्या नसतात, त्या आपण परस्पर गृहीत धरायच्या असतात. बँकेत अशा रकमा आम्ही सस्पेन्स खात्यात टाकतो. पुढे कोणीतरी कधीतरी बघेल. ही रक्कम दहा वर्षं तशीच पडून होती.

२०२४च्या जुलैत धाकट्यानं लिहिलं, "दादा, आता तरी ये." चिरंजीवांची दहावी, त्यामुळं सौ. येऊ शकली नाही. मी एकटा निघालो. सौ.नं भडंग, मेतकूट आणि दशम्या बांधून दिल्या. आईनं धाकट्याला आवडते म्हणून मिठात घालून मुरवलेल्या जुन्या चिंचेची बरणी दिली. सिंगापूरमार्गे मी आणि बरणी सुखरूप पोचलो.

भावजय मला 'कुया' म्हणते. कुया म्हणजे थोरला भाऊ. बोलताना वाक्यावाक्यात 'पो' लावते. हा 'पो' म्हणजे आपल्या 'अहो'चा चुलत भाऊ, आदरार्थी. दहा वर्षं ज्या बाईच्या लग्नाला आपण गेलो नाही, तिनं आपल्याला दिवसातून चाळीस वेळा 'पो' लावायचा, यासारखी शिक्षा इंडियन पीनल कोडातही नव्हती. त्यातून ती मला स्वतंत्र भात आणि भाज्या शिजवून वाढायची. त्यासाठी तिनं नवं पातेलं आणलं होतं. त्याच्या बुडावरचं किमतीचं लेबल अजून निघालं नव्हतं. मी ती किंमत रोज वाचायचो आणि दशमी काढून खायचो.

आणि मग वादळ आलं. वादळाचं नाव करीना. मी थट्टा करत नाही. बाहेरच्या जगानं त्याला गेमी असं नाव दिलं होतं, पण फिलिपाइन्सचं हवामान खातं आपल्या भागात आलेल्या वादळाचं स्वतः वेगळं बारसं करतं, आणि त्यांच्या यादीत पाळी करीनाची होती. या खात्याचं लघुनाव 'पगासा' असं आहे आणि 'पग-आसा' या तिथल्या शब्दाचा अर्थ 'आशा'. हा 'आसा' म्हणजे संस्कृतातली आपली आशाच, हिंडत हिंडत तिकडं गेलेली. तिकडच्या भाषेत गुरूला गुरो म्हणतात, तोंडाला मुखा म्हणतात आणि दुःखसुद्धा 'दुखा' या नावानं तिथं नांदतं. ज्या खात्याचं काम वादळ सांगायचं त्याचं नाव आशा ठेवणाऱ्या लोकांबद्दल माझं मत तिथंच बरं झालं.

करीना स्वतः फिलिपाइन्सच्या किनाऱ्याला लागलीच नाही. तिनं फक्त नैऋत्य मोसमी वाऱ्याला चिथावणी दिली. थोरामोठ्यांची हीच पद्धत असते. २४ जुलै, बुधवार. त्या दिवशी मारिकिना नदी २० मीटरच्या वर चढली आणि सबंध महामनिलात आपत्कालीन स्थिती जाहीर झाली. शाळा बंद, कचेऱ्या बंद. चौथ्या मजल्यावरून खाली पाहिलं, तर रस्त्याच्या जागी चहाच्या रंगाचं पाणी आणि त्यात कोणाची तरी निळी चप्पल. धाकटा मकातीतल्या ऑफिसात अडकलेला. भावजय मंगळवारी संध्याकाळी ड्यूटीला गेलेली. तिला सोडवायला येणारी परिचारिका पुरात अडकली, म्हणून ही इस्पितळात. घरात मी आणि पुतणी. दहाच्या सुमारास वीज गेली.

भावजयीचा फोन आला. "कुया, तुम्ही घाबरू नका पो. बर्फाच्या कप्प्यात एक किलो मांस आहे. वीज नाही, ते खराब होईल. टाकून द्या. तिला नूडल्स करून द्या."

'टाकून द्या' हे पुतणीनं ऐकलं. तिला इंग्रजी आणि तागालोग उत्तम येतं आणि मराठी तीन वाक्यं येतात : 'चल', 'गप बस' आणि 'अजून वाढ'. बापानं नेमकी निवड केली आहे. ती म्हणाली, "मामानं ते आजच्यासाठी आणलंय. पाऊस पडला की सिनिगांग." (ती आईला मामा म्हणते. पहिले दोन दिवस मी तिच्या मामाची वाट पाहत होतो.)

"तुझे बाबा आले की करतील हो."

"बाबांना येत नाही. आपण करू."

"अगं, पण मी ते खात नाही."

तिनं माझ्याकडं पाहिलं. मुलं पाहतात तसं, सरळ. "बाबा म्हणतात, तुम्ही आमच्या घरचं खात नाही."

"तसं नाही बेटा. मी डुक्कर खात नाही, एवढंच."

"मामाच्या लग्नात केक होता," ती म्हणाली. "फोटोत आहे. केक खायला यायचं."

बँकेत सत्तावीस प्रकारचे इन्स्पेक्टर मी परतवले आहेत. या शेऱ्यावर मला खुलासा देता आला नाही. मी बाह्या सरसावल्या आणि विचारलं, "मोठं पातेलं कुठं आहे?"

पदार्थाचं पूर्ण नाव सिनिगांग ना बाबोय. सिनिगांग म्हणजे आंबट सार. बाबोय म्हणजे डुक्कर. मधला 'ना' हा नुसता दोन शब्द जोडणारा. पण मराठी माणसाच्या तोंडून जो उद्गार निघायचा तो त्या लोकांनी आधीच नावात घालून ठेवला आहे, ही सोय मला फार आवडली. पातेल्यावरचं झाकण काढताना मी तेच म्हणालो आणि पुतणीला वाटलं, काकांना तागालोग यायला लागलं.

आता कृती. हिशेबाला पक्का माणूस असल्यानं मी ती खतावणीत उतरवून घेतली आहे.

प्रथम तांदूळ धुवायचे. पहिलं पाणी टाकून द्यायचं, दुसरं ठेवायचं. हे ऐकून मी चमकलोच. तांदळाचं धुवण! आमची आई ते तुळशीला आणि कढीपत्त्याला घालते. हे लोक त्यात सार करतात. त्यानं रश्शाला थोडा दाटपणा येतो. दोन लिटर धुवणात मांसाचे तुकडे, चिरलेला कांदा आणि टोमॅटो घालून गॅसवर चढवायचं. नशीब, वीज गेली तरी सिलिंडर जागेवर होता. मांस मी पातेल्यात कसं टाकलं ते विचारू नका. चिमट्यानं धरून, मान दुसरीकडं करून, साधारण पिठाच्या गिरणीत माणूस उभा राहतो तसा. "काका, मुखा!" पुतणी ओरडली आणि हसत सुटली. माझं मुखा आंबट झालं आहे, असं तिचं म्हणणं होतं. अजून चिंच पडायची होती.

उकळी आली की वर फेस येतो. तो पळीनं काढत राहायचा. मग आच मंद करून तासभर, दीड तास वाट बघायची. मधे अळकुड्या सोलून घालायच्या. हो, आपल्याच अळकुड्या. तिथं त्यांना गाबी म्हणतात. त्या विरघळून रश्शाला अंग येतं. मांस मऊ झालं की मुळ्याच्या चकत्या, मग हातभर लांबीच्या चवळीच्या शेंगा तोडून, भेंडी अख्खी, वांग्याच्या फोडी आणि एक-दोन लांब हिरव्या मिरच्या. सगळ्यांत शेवटी गॅस बंद करून कांगकोंगची पानं. ही पाण्यात वाढणारी पालेभाजी, आपल्याकडं तिला नाळीची भाजी म्हणतात. कांदा, वांगं, मुळा. चातुर्मासात जे जे वर्ज्य म्हणून आजीनं शिकवलं होतं, ते ते एकाच पातेल्यात एकत्र आलेलं मी पाहत होतो. पापाचं असं केंद्रीकरण एरवी फक्त हेड ऑफिसात दिसतं.

राहिला आंबटपणा. तोच तर पदार्थाचा प्राण. हिरव्या चिंचा पाण्यात उकडून, कुस्करून, गाळून तो कोळ घालायचा असतो. पण हिरव्या चिंचा भावजय बुधवारी सकाळी आणणार होती. तयार पुडीचं पाकीट पुतणीनं शोधून काढलं, उलटं केलं, झटकलं. रिकामं. खाली दुकानं गुडघाभर पाण्यात.

आम्ही समोरच्या दारात गेलो. तिथं साठीच्या एक बाई राहतात. पुतणी त्यांना 'आते' म्हणते. आपल्याकडं आते म्हणजे बापाची बहीण, तिकडं थोरली बहीण. थोडक्यात, मान तोच. आतेंकडं चिंच नव्हती. त्यांनी दोन्ही हात हलवून सांगितलं, की त्या मूळच्या इलोइलोच्या. त्यांच्या गावी चिंच लागतच नाही, बातुआन नावाचं फळ घालतात. पुढं मी चौकशी केली, तर हे बातुआन आपल्या रातांब्याच्या कुळातलं निघालं. म्हणजे इलोइलोवाले घालतात ते कोकमाचं भावंड. कोणी बिलिंबी घालतं, कोणी पिकला पेरू. आंबट काय आहे याबद्दल तक्रार नाही, आंबट पाहिजे. डोरीन फर्नांडेझ म्हणून तिथल्या थोर खाद्यलेखिका होऊन गेल्या. त्यांचं म्हणणं, की परदेशी लोक उठसूट अडोबोचं नाव घेतात, पण फिलिपिनो चवीचा खरा प्रतिनिधी सिनिगांगच. मला ते पटतं. ज्या देशात घराघराचं आंबट वेगळं आणि पातेलं एक, तो देश मला समजतो.

पण तूर्त आतेंकडं बातुआनही नव्हतं. परत आलो. मांस शिजत होतं. पुतणी स्टुलावर बसून कपाटाकडं बघत होती. मीही बघत होतो. कपाटात आईची बरणी होती.

आता माझी अवस्था समजून घ्या. चिंच मूळची आफ्रिकेतली. अरबांनी तिला हिंदी खजूर असं नाव दिलं आणि त्यावरूनच इंग्रजी शब्द आला. ती कोणाची जहागीर नव्हे. हे सगळं खरं. पण ही चिंच आमच्या आईनं सोवळ्यात नसली तरी स्वच्छ अंघोळ करून, उन्हात वाळवून, चिंचोके काढून, मीठ लावून भरलेली. त्या बरणीला आमच्या घरात ओल्या हाताचा चमचा लागलेला नाही. आणि ती मी कशात घालू? बाबोयमध्ये!

बँकेचा नियम आहे, की शंका आली की वरिष्ठांची सही घ्यावी. फोनची बॅटरी नऊ टक्के होती. मी पुण्याला फोन लावला. तिथं दुपारचे तीन-साडेतीन.

"आई, झोपली होतीस?"

"संकष्टीला मी झोपते का? बोल."

"तू दिलेली चिंच. ती एका, म्हणजे एका प्रकारच्या आमटीत घालायची होती."

"कसल्या आमटीत?"

"भाज्यांच्या. मुळा आहे, भेंडी आहे."

"आणि डुकराचं मांस," आई म्हणाली.

माझ्या हातातली पळी पातेल्यात पडली. "तुला कसं कळलं?"

"अरे, दर रविवारी त्यांचा फोन असतो. ती सांगते, धाकटा मराठीत करतो. दहा वर्षं ऐकतेय, पाठ आहे मला. शेवटी पालेभाजी घालतात आणि झाकण ठेवतात. गूळ मात्र घालत नाहीत म्हणे." मग थोडं थांबून, "बिचारी."

दर रविवारी! दहा वर्षं! मी रविवारी सकाळी मंडईत जातो. माझ्या पाठीमागं माझ्याच घरात एवढा मोठा व्यवहार चालू होता आणि मला पासबुकात एंट्रीसुद्धा दिसली नव्हती.

"मग घालू चिंच?"

"मग काय नुसत्या पाण्यात शिजवणार? आणि हे बघ, तुझा उपास असेल. पोरीला एकटीला जेवायला बसवू नकोस. गणपतीला मी सांगेन. आणि मीठ—"

बॅटरी गेली.

'आणि मीठ.' मातृवाक्य प्रमाण. मी दोन मुठी चिंच कोळून घातली आणि मीठही घातलं. तिथं मीठ म्हणजे पातिस, माशांपासून काढलेलं एक खारट पाणी, त्याचा वास मी इथं वर्णन करत नाही. आईनं शेवटचा शब्द मीठ हाच उच्चारला होता, म्हणून ते हात सैल सोडून ओतलं. कांगकोंग घातलं. झाकण ठेवलं.

पुतणीनं चमचाभर चाखलं. तिचे डोळे मिटले, खांदे कानापर्यंत गेले. "माआसिम!" म्हणाली. म्हणजे आंबट. नंतर तिनं एक पेलाभर पाणी प्यायलं. नंतर आणखी एक. खारट हा शब्द तिला मला शिकवावा लागला नाही.

पुन्हा आते. त्या मेणबत्ती घेऊन आल्या, पातेल्यात डोकावल्या. सिनिगांग म्हणजे कसं फिकट, स्वच्छ. आमचं जुन्या चिंचेमुळं पितळेच्या घंघाळासारखं तपकिरी. त्यांनी चाखलं, कपाळावर हात मारला, आणखी धुवण ओतलं, आणखी दोन अळकुड्या आणि एक मुळा आणून टाकला, पुन्हा उकळलं, पुन्हा चाखलं. मग माझ्याकडं आपादमस्तक पाहत पुतणीला काहीतरी म्हणाल्या आणि दोघी खिदळायला लागल्या.

"काय म्हणाल्या?"

"म्हणतात, अजून आंबटपणा आहे."

"हो ना, चिंच आमची जुनी आहे. उत्तम."

"चिंचेत नाही, काका. तुमच्यात."

'माय आसिम पा' अशी तिकडं म्हण आहे. वय झालेल्या बाईत किंवा पुरुषात अजून थोडी आंबट चव शिल्लक आहे. म्हणजे माणूस अजून बघण्यालायक आहे. आपल्याकडं आंबटशौकीन म्हटलं की अब्रू जाते, तिकडं आंबट म्हटलं की वाढते. मी सत्तेचाळिसाव्या वर्षी, फोडणीच्या वासाचा बनियन घालून, मेणबत्तीच्या उजेडात लाजलो. नंतर मी हे फोनवर सौ.ला सांगितलं. ती म्हणाली, "आंबलं असेल तर टाकून द्या." भाषांतरात गोडवा जातो तो असा.

वादळ होतं, चंद्र नव्हता. चंद्रोदयाची मनिलाची वेळ माझ्या पंचांगात नव्हती. पुतणीनं दोन वाडगे भरले, भाताचे दोन ढीग केले आणि म्हणाली, "काइन तायो." चला, जेवू या. हे तिकडं कोणी दारावरून जात असलं तरी म्हणतात.

मी वाडग्यातला रस्सा भातावर घेतला. पहिल्या घासाला कानशिलं आखडली. दुसऱ्या घासाला कळलं, की ही चव मला माहीत आहे. चिंच आमची होती, मुळा तर आमचाच, भाताचा धर्म कोणी विचारत नाही. फक्त गूळ नव्हता. आमच्याकडं आंबट काही केलं की लगेच त्यात गुळाचा खडा टाकायची सवय. आमटीत, भाजीत आणि पत्रातसुद्धा. 'रजा मंजूर होत नाही, क्षमस्व' हा गुळाचाच खडा होता. हे लोक आंबट ते आंबटच वाढतात.

पुतणीनं माझ्या वाडग्यात एक तुकडा टाकला. मऊ, हाडावरून सुटलेला. तो मी खाल्ला की नाही, हे इथं लिहिणं शक्य नाही, कारण हे पुस्तक आई वाचते. पुतणी 'अजून वाढ' म्हणाली, अस्खलित मराठीत. हे वाक्य तिनं माझ्यासाठी म्हटलं की स्वतःसाठी, तेही मी सांगणार नाही.

रात्री वीज आली. भावजय गुरुवारी दुपारी आली, जवळजवळ चाळीस तासांनी. पँट गुडघ्यापर्यंत चिखलात, चपला हातात. आंघोळ करून आली, तेव्हा पुतणीनं उरलेलं सार गरम करायला लावलं होतं. भावजयीनं तपकिरी रंग पाहिला, चाखलं, आणि बरणीकडं पाहिलं. झाकण उघडं होतं. ती काही बोलली नाही. बसून जेवायला लागली.

मी समोर बसलो. काउंटरच्या पलीकडं उभा असताना मला कोणत्याही माणसाशी बोलता येतं; मधे काउंटर नसला की पंचाईत. तरी मी इंग्रजीत म्हणालो, "त्या वेळी, लग्नाला. माझ्याकडं रजा होती. १८७ दिवस."

"माहीत आहे, कुया," ती म्हणाली. "आईंनी सांगितलं होतं. म्हणाल्या, मोठा भित्रा आहे, वाईट नाही."

मला वाटलं, आता ती हसेल आणि विषय संपेल. आपल्याकडं इथंच कोणीतरी 'जाऊ दे हो' म्हणतं. ती हसली नाही. "पुढच्या रांगेत तुमच्यासाठी दोन खुर्च्या ठेवल्या होत्या," ती म्हणाली. "फोटोत त्या रिकाम्या दिसतात. मला वाईट वाटलं होतं."

'पो' नव्हता. पहिल्यांदाच नव्हता. माझ्या घशात काहीतरी आलं, ते मी चिंचेवर ढकललं. मग तिनं माझ्यापुढचा वाडगा ओढला, भरला आणि पुढं सरकवला. "खारट झालंय," ती म्हणाली. "चिंचेतच मीठ होतं ना पो?"

उरलेले सहा दिवस मी दशम्यांना हात लावला नाही. त्या धाकट्यानं खाल्ल्या. लेबलवाल्या पातेल्यात सगळ्यांचा भात शिजला आणि एके दिवशी लेबल आपोआप निघून गेलं.

पुण्याला आल्यावर आईनं पहिल्यांदा विचारलं, "मीठ किती घातलंस?"

"तूच म्हणालीस ना, आणि मीठ."

"आणि मीठ घालू नकोस, असं म्हणत होते मी!"

परवा धाकट्याचा एक मित्र मनिलाला निघाला. आईनं नवी बरणी भरून माझ्याकडं दिली. या खेपेला मीठ कमी. बरणीवर चिकटपट्टी लावून तिनं स्वतःच्या अक्षरात नाव लिहिलं होतं. धाकट्याचं नव्हे, सुनेचं. आई त्या नावाचा उच्चार दहा वर्षं ऐकते आहे, पण लिहायची वेळ पहिलीच. त्यामुळं दोन अक्षरांत तीन चुका होत्या. बँकेत असा चेक आला असता, तर नाव जुळत नाही म्हणून मी लाल शाईनं शेरा मारून परत पाठवला असता.

मी बरणी तशीच पाठवली.